जैतापूरवर बोला, पण भट्टी कोणती ते तरी बघा

शिरोली_फौंड्री: काल इथं एकानं लिहिलं, "अणुभट्टी म्हणजे झाकलेला बॉम्ब. जैतापूर रद्द करा, सोलर लावा." खाली बदामांचा पाऊस! अरे, चेर्नोबिलला ग्राफाइटची भट्टी होती, वर बंदिस्त कवच नव्हतं. तारापूरच्या पहिल्या दोन अमेरिकन, उकळत्या पाण्याच्या, 1969 पासूनच्या. कर्नाटकातल्या कैगात जड पाणी नि नैसर्गिक युरेनियम, चालू भट्टीतच इंधन बदलतात. म्हणून तिथलं एक युनिट 2018 मध्ये 962 दिवस सलग चालून मग थांबलं. आमच्याकडं फौंड्रीत रात्री चालू हिटमध्ये, म्हणजे लोखंड वितळत असताना, लाइट गेली की लोखंड फर्नेसमध्येच थिजतं. सोलरवाल्यानं यावं नि फर्नेसचं आतलं लायनिंग फोडावं.

उसाचा_फड: तुमचं लोखंड थिजतं, आमची माणसं मरतात. मोटारीला लाइट रात्रीची. चुलत्याला पाणी पाजताना घोणस चावली, महिनाभर दवाखान्यात. दिवसा लाइट सोलरनंच मिळणार.

शिरोली_फौंड्री: मामा, वाईट झालं. पण मोटारीचं वेळापत्रक कैगा ठरवत नाही.

उसाचा_फड: मामा कुणाला म्हणतोस? चौतिशीचा आहे मी.

गूळ_खोबरं: भांडताय कशाला, साखर कारखान्यांचं को-जन आहे की, उसाचा चोथा म्हणजे बगॅस जाळून वीज. बगॅस फुकट.

उसाचा_फड: फुकट?? ऊस आमचा, बगॅस त्यांचं, वीज विकून पैसे त्यांचे. आधी मागचं उसाचं बिल द्या म्हणावं.

शिरोली_फौंड्री: आणि गाळप संपल्यावर मे महिन्यात काय जाळणार, पाचट?

उसाचा_फड: पाचट रानातच कुजवायचं असतं. शेती शिकवू नका.

माडबनची_लेक: कैगाचे गोडवे गाताय, पण जैतापुरात ती भट्टी येणारच नाही. येणार फ्रान्सची ईपीआर, 1,650 मेगावॉटच्या सहा. तसलीच एक त्यांनी स्वतःच्या फ्लामाँव्हिलला 2007 मध्ये बांधायला घेतली, ग्रीडला जोडली डिसेंबर 2024 मध्ये. माझ्या माहेरची जमीन गेली त्यात, वीज अजून दिसली नाही.

शिरोली_फौंड्री: ताई, ईपीआरचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. बरं, ती नको. गुजरातेत काकरापारला देशी 700 मेगावॉटच्या चालू आहेत, तसल्या बांधा.

माडबनची_लेक: कुठं? शिरोलीत?

शिरोली_फौंड्री: इथं कसं जमेल? पंचगंगेला पूर आला की हायवे बंद पडतो.

माडबनची_लेक: म्हणजे कोकणात चालेल.

गूळ_खोबरं: 😂 देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास, आणि इथं शंभर टक्के भांडण.

उसाचा_फड: बिलाचं कुणी बोललंच नाही.