मदत हवी आहे: शाळेजवळच्या जुन्या टपरीला पर्यायी जागा मिळते का?

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझ्या काकांची पानटपरी आहे. शाळा नंतर सुरू झाली असली, तरी 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातील, शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्री नको या अटीवर बोट ठेवून त्यांना टपरी हलवण्यास तोंडी सांगण्यात आले आहे. कुंपणापासून अंतर मोजले, ते 60 यार्डच भरते; तो वाद नाही. मुले तंबाखूपासून दूर राहिलीच पाहिजेत, परंतु कंपन्यांचे कारखाने सुरू असताना सुट्या सिगारेट-विडीच्या बंदीपासून या अटीपर्यंतचा सारा भार टपरीवाल्यानेच सोसावा, हे न्याय्य वाटत नाही. काकांकडे पथविक्रेता प्रमाणपत्र आहे. पर्यायी जागेच्या त्यांच्या तोंडी विनंतीला उत्तर मिळालेले नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यातील 30 दिवसांच्या नोटिशीची तरतूद येथे लागू होते का, आणि पर्यायी जागेचा अर्ज नेमका कोणाकडे करावा?