वरकस जमिनीवर नुसता साग लावावा की मिश्र वन?

प्रश्न
संगमेश्वर तालुक्यात आमची दोन एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे. रोपवाटिकेतून सर्वत्र सागच लावण्याचा सल्ला मिळाला आहे. मात्र अलीकडे पाऊस कधी तीन आठवडे ओढ देतो, तर कधी चार दिवसांतच कोसळतो. अशा हवामानात मिश्र वन अधिक तग धरते असे म्हणतात, त्यामागचे कारण जाणकारांनी सांगावे.

उत्तर १
पावसाळा सरता सरता सागाचे एखादे पान हातात घेऊन पाहा. अळीने मधला हिरवा भाग खाल्ल्यामुळे त्याची नुसती शिरांची जाळी उरलेली दिसेल. नुसता सागच असेल, तर ही अळी एका झाडावरून दुसऱ्यावर विनासायास पसरते. मध्ये ऐन, किंजळ, जांभूळ अशी इतर झाडे असतील तर तिची वाट अडते. जर्मनीतील हार्त्स डोंगरात २०१८ पासूनच्या सलग कोरड्या वर्षांत नेमके हेच घडले. तेथे पिढ्यानपिढ्या एकट्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची लागवड झाली होती. त्याची मुळे उथळ असल्याने झाडे तहानली, सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्यांना रोखणारी राळ त्यांना पुरेशी तयार करता आली नाही आणि डोंगरउतार वाळून गेले. मिश्र वनात सर्व झाडे एकाच संकटाला एकाच वेळी बळी पडत नाहीत, हा माझ्या मते सर्वांत मोठा लाभ आहे.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. चीनच्या जिआंग्शी प्रांतात २००९ पासून डोंगरउतारावर तीन लाखांहून अधिक झाडे लावून मोठा प्रयोग झाला. आठ वर्षांनंतर सोळा जातींच्या तुकड्यांत हेक्टरी सरासरी ३२ टन कार्बन साठलेला आढळला, तर एकाच जातीच्या तुकड्यांत तो १२ टन होता. तरीही केवळ जातींची संख्या वाढवून भागत नाही. मुळांची खोली, पानगळीचा काळ आणि सावली सोसण्याची ताकद यांत फरक असलेल्या जाती निवडाव्यात. सागाला पूर्ण फाटा देण्याचीही गरज नाही, त्याला इतरांच्या सोबतीने जागा द्यावी.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग स्थानिक झाडांचे बी केव्हा गोळा करावे?

उत्तर २
जवळच्या देवराईत कोणती झाडे वाढली आहेत ते आधी पाहावे आणि गावाच्या संमतीने तेथील खाली पडलेले बी वेचावे. जांभळाचे बी सुकले की उगवत नाही, म्हणून ते फळातून काढल्यावर लगेच पिशवीत लावावे. हिरड्याची आठळी मात्र टणक असते आणि रुजायला बराच वेळ घेते, तेव्हा उगवले नाही म्हणून ती पिशवी घाईने रिकामी करू नये.