शेतात शर्ट चालतो, मग गावात का नाही?

सेलूकर (मूळ पोस्ट): गावातल्या पोरी जीन्स-शर्ट घालून गाडीवर दोन्हीकडं पाय टाकून बसतात. बाईनं बाईसारखं राहावं. आपल्या आयाबाया लुगड्यातच राबल्या.

केजची लेक: सेलूकर भाऊ, लुगड्यातच राबल्या? वेचणीच्या दिवसांत कोणत्याही बांधावर जाऊन बघा. साडीवर गड्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, पदर आत खोचलेला, कमरेला कापसाची झोळी. वाळलेल्या बोंडाची टोकं मनगट ओरबाडतात म्हणून लांब बाही लागते. ऊसतोडीत पाचटाची धार उघडा दंड कापते, पानावरची बारीक काटेरी कूस घामाला चिकटून रात्रभर खाजते. तिथं मजुरीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात. बाई बाईसारखी राहिली का, हे कुणी विचारत नाही. तोच शर्ट घालून पोरगी एसटीत बसली की तुमची संस्कृती बुडते!

सेलूकर: ताई, शेतातला शर्ट गरजेचा, अन् त्याखाली साडी असतेच. कामाचे अन् फिरायचे कपडे एक करू नका.

जालना गॅरेज: मग गरजेचंच बोलू. एका बाजूला बसलं की दोन्ही पाय डावीकडं, वजन डावीकडं. खड्ड्यात गाडी आदळली की बाई थेट बाहेर. अन् साडीगार्ड कुठंय? केंद्रीय मोटार वाहन नियम 123 सांगतो: मागं बसणाऱ्याला धरायला पकड, पाय ठेवायला पायदान आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण. कपडा चाकात जाऊ नये म्हणूनच ते. पोरं गाडी नवी असतानाच गार्ड काढून फेकतात, कारण दिसायला बरं दिसत नाही. मग पदर स्पोकमध्ये जातो अन् चाकाच्या दोनचार फेऱ्यांत गळ्याला फास बसतो. त्या पोरांना संस्कार शिकवायला कुणी येत नाही.

उदगीरकर: गार्ड खडखडतो, चिखल धरतो, चाक काढताना आडवा येतो. कामून ठेवावा?

जालना गॅरेज: नट सैल म्हणून खडखडतो. स्प्रिंग वॉशर टाका, मधे रबर द्या, सर्व्हिसिंगला आवळून घ्या. चिखल पाण्यानं जातो. पाच मिनिटांच्या कामासाठी कुणाचा जीव टांगणीला लावता?

लातूर टेलर: गार्ड असला तरी ओढणी सव्वादोन-अडीच मीटर असते. दोन्ही टोकं पुढं घेऊन कमरेला गाठ मारा, पदर मांडीखाली दाबा. कुर्त्याचा कट गुडघ्याजवळ ठेवला तर पाय टाकताना शिवण उसवते. कट कमरेखाली वीतभर ठेवा, टोकाला आतून पट्टी लावून दुहेरी टीप मारा. अन् खिसा मागितला की "कापड पुरत नाही" सांगणाऱ्या कारागिरांनो, सात इंच तोंड, अकरा इंच खोली, पाव मीटर अस्तर. गड्याच्या पँटला चार खिसे न मागता मिळतात!

पैठणकर: सगळे बाईच्याच कपड्यावर का घसरलात? भारुडात गडी लुगडं नेसून, कुंकू लावून उभा राहतो, सगळं गाव माना डोलावतं. आजोबांच्या कानातली भिकबाळी खानदानी. नातवानं कान टोचला, केस वाढवले की पारावर त्याची चामडी सोलता.

सेलूकर: भारूड देवाचं आहे. त्यात हे घुसडू नका.

पैठणकर: देवासमोर चालतं ते पारावर का चालत नाही, तेवढं सांगा.

सेलूकर: ते राहू द्या. गाडीचं पटलं, दोन्हीकडं पाय टाकून बसणं धोक्याचं कमी, मान्य. गार्डही बसवून घेतो. जीन्सचं मात्र मला पटलेलं नाही.

केजची लेक: जीन्सला ना पदर ना ओढणी, चाकात जायला काही उरतच नाही. गार्डचं पटलं, तर हे का पटत नाही?