हलकी गाडी आणि नाशिकचे रस्ते : टेस्ट ड्राइव्हचे तुमचे अनुभव सांगा

मंडळी,

केवळ चालवण्याच्या आनंदासाठी घ्यायच्या गाडीचा विषय निघाला की आपण लगेच अश्वशक्तीवर आणि शून्य ते शंभरच्या आकड्यावर जातो. मला तुमच्याकडून वेगळं ऐकायचंय. हलकी, चपळ गाडी तुम्ही ट्रॅकवर नव्हे, साध्या रस्त्यावर चालवून पाहिलीत तेव्हा काय जाणवलं? रस्ता कोणता निवडलात? चाळीस-पन्नासच्या वेगात मजा आली का? गतिरोधकावर, खडबडीत डांबरावर, ट्रॅक्टरमागे अडकल्यावर ती कशी वागली?

१९९६ साली आलेली लोटस एलिस साधारण सव्वासातशे किलोची होती आणि इंजिन जेमतेम १२० अश्वशक्तीचं. अल्पीनची ए११० अकराशे किलोच्या आसपास भरते. माझदाची एमएक्स-५ १९८९ पासून हाच वसा चालवतेय. यातली एकही इथल्या शोरूममध्ये जाऊन चालवता येत नाही, म्हणून अट सैल ठेवते. गाडी छोटी हवी, वजन आटोक्यात हवं, आणि ती वळणावर जीव ओतणारी हवी. परदेशात चालवली असेल तरी सांगा, जुनी असेल तरी सांगा. उत्तराच्या वर आपलं टोपणनाव टाका.

मी स्वतः गाडी घ्यायच्या विचारात आहे. शहरातल्या शहरात मुंबई नाका ते द्वारका चौक अशी फेरी मारून गाडी कळत नाही, एवढं मला पक्कं कळलंय. आणि सिंहस्थाच्या कामांनी शहरातले बरेच रस्ते सध्या खोदलेले आहेत, तेव्हा कुठे जावं हाही प्रश्न आहेच.

सातपूरकर

ताई, चांगला विषय काढलात.

२०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंतो आली. आपल्या रांजणगावात तयार झालेली, १.४ लिटर टर्बो (म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. वजन बाराशेच्या वर, म्हणजे तुमच्या एलिसपुढे ती जडच. पण दहा लाखांत त्या वेळी असं दुसरं काही मिळत नव्हतं. शोरूमचा मुलगा एमआयडीसीतून एक चक्कर मारू म्हणाला. मी म्हटलं, दादा, त्र्यंबक रोडने अंजनेरी फाट्यापर्यंत जाऊ, डिझेल-पेट्रोलचे पैसे मी देतो. तो साहेबांना विचारून आला आणि आम्ही निघालो. बायको मागे बसली होती.

मला आजही आठवतं ते स्टिअरिंग. हायड्रॉलिक होतं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. महिरावणीच्या पुढे डांबराचा पोत बदलतो, तो बदल हाताच्या तळव्यांना कळला. आजच्या बऱ्याच गाड्यांचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग इतकं गुळगुळीत असतं की चाकाखाली खडी आहे की सिमेंट याचा पत्ता लागत नाही. टर्बो जागा व्हायला जरा वेळ घ्यायचा, आणि एकदा जागा झाला की पुढची चाकं हातातून स्टिअरिंग ओढायची. पण खरं सांगायचं तर मी पूर्ण पेडल दाबलं ते फार थोडा वेळ. बाकी सगळी फेरी तिसऱ्या गिअरमध्ये, साठच्या आत. अंजनेरीचा डोंगर समोर उभा होता आणि मला गाडीतून उतरावंसं वाटत नव्हतं.

गतिरोधकांची भीती होती, कारण जमिनीपासूनची उंची १५५ मिमी. तिघं बसलो होतो तरी कुठे घासली नाही.

जुना मिस्त्री

सातपूरकर भाऊ, मी तुमच्या बरंच आधीचं सांगतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची गाडी बनू लागली. फायबरग्लासची बॉडी, वर उघडं छत, रेनोचं १,१४९ सीसी इंजिन, साठच्या आसपास अश्वशक्ती. माझ्या गॅरेजच्या एका गिऱ्हाइकाने घ्यायच्या आधी मला सोबत नेलं, "मिस्त्री, तुम्ही चालवून सांगा" म्हणाला.

गंगापूर रोड तेव्हा आनंदवल्लीच्या पुढे मोकळा असायचा. मी बसलो तर शेजारून जाणाऱ्या ट्रकचं चाक माझ्या डोळ्यांसमोर. साठ अश्वशक्ती म्हणजे काहीच नाही असं म्हणणाऱ्याने त्या गाडीत बसून बघायला हवं होतं. सोमेश्वरच्या वळणाला मी जरा लवकर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी लगेच वळली. मोठ्या गाडीत आधी अंग झुकतं, मग ती वळते. इथे तो मधला वेळच नव्हता.

वजनाबद्दल दोन गोष्टी सांगतो, आयुष्यभर गाड्यांखाली झोपून शिकलोय. वजन कमी असलं की स्प्रिंगा फार कडक ठेवाव्या लागत नाहीत. म्हणून चांगली हलकी गाडी वळणावर घट्ट राहूनही खड्ड्यात कंबर मोडत नाही. आपल्या रस्त्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि नेमकी ती कोणत्याही पत्रकात छापलेली नसते. दुसरं म्हणजे ब्रेक. कसारा घाट उतरताना गाडीचा सगळा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. जितकं वजन तितकी उष्णता. जड गाडीचं पेडल घाटाखाली येईपर्यंत मऊ पडलेलं मी कितीदा पाहिलंय. हलकीचं सहसा तसं होत नाही, अर्थात उताराला गिअर खालचा ठेवला तर.

टेस्ट ड्राइव्हला जाताना चाकांकडे बघा. मोठे, जड अलॉय रिम आणि पट्टीसारखे पातळ टायर लावले असतील तर स्प्रिंगांच्या खालचं, म्हणजे चाकांचं वजन वाढतं आणि हलकेपणाचा निम्मा फायदा तिथेच जातो. लहान रिम, जाड टायर असलेली आवृत्ती मिळाली तर तीच चालवून बघा.

द्राक्षबाग

मी मखमलाबादची. मागच्या वर्षी मुंबईहून मिनी कूपर एसची डेमो गाडी नाशिकला आणली होती, गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलच्या आवारात. दोनशे अश्वशक्तीच्या वरची, ऑटोमॅटिक. नाव मी नोंदवलेलं, परवाना माझा, आणि किल्ली मात्र ह्यांच्या हातात दिली गेली. ह्यांनी काही न बोलता ती माझ्या हातात ठेवली. सोबत आलेला मुलगा नंतर अगदी नीट, समजावून बोलला, पण डीलर मंडळींपैकी कोणी हे वाचत असेल तर सांगते : विचारा तरी, की चालवणार कोण.

आम्ही दुगाव फाट्यावरून गिरणारेच्या दिशेने गेलो. रस्ता माझ्या रोजच्या पायाखालचा आहे. कुठे पाटाचं पाणी रस्त्यावर येतं, कुठे म्हशी बसतात, सगळं ठाऊक. म्हणूनच गाडीकडे लक्ष देता आलं. अनोळखी रस्त्यावर निम्मं लक्ष रस्त्यातच जातं. ताई, तुम्हाला माझा सल्ला हाच : आपल्या रोजच्या रस्त्यावर न्या.

टोमॅटोचा हंगाम होता. गिरणारेच्या बाजारात जाणारे पिकअप कॅरेटांनी काठोकाठ भरलेले. त्यांच्यामागे वीस-पंचवीसच्या वेगाने बराच वेळ चालवावं लागलं आणि मला ती गाडी तिथेच आवडली. खिडकीच्या काचा मोठ्या, बॉनेटची टोकं दिसतात, गाडी कुठे संपते ते कळतं. पुढे मोकळं मिळाल्यावर द्राक्षबागांमधली दोन वळणं अशी घेतली की ह्यांनी वरचं हँडल धरलं, आणि काटा तेव्हा पन्नासवर होता.

एक गोष्ट मात्र खटकली. १९५९ ची मूळ मिनी सहाशे किलोच्या आसपास होती. आताची तिच्या दुपटीपेक्षा जास्त. एअरबॅगा, मजबूत सांगाडा, एसी हे सगळं मला हवंच आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण हलकेपणा हल्ली आपोआप मिळत नाही, तो शोधावा लागतो.

आणि शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. वायनरीकडून परतणाऱ्या गाड्यांमध्ये नवी गाडी चालवून बघणं धोक्याचं आहे.

नाशिकरोड ते हिरोशिमा

कंपनीच्या कामासाठी जपानला होतो. आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या आरटीओतून काढून नेला होता, तो तिथे चालतो. हिरोशिमा म्हणजे माझदाचं घरच. तिथे एमएक्स-५ ला रोडस्टर म्हणतात, म्हणजे दोन सीटची, उघड्या छताची गाडी. १.५ लिटर, टर्बो नाही, १३२ अश्वशक्ती, सहा गिअर हाताने टाकायचे. तेव्हाची सर्वांत साधी आवृत्ती हजार किलोच्या आत बसायची. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन जवळपास निम्मं-निम्मं, आणि ताकद मागच्या चाकांना. आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवायचं असल्याने मी लगेच रुळलो.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. जपानमध्ये तेव्हा साध्या रस्त्यावर वेगळी पाटी नसेल तर वेगमर्यादा साठची होती. शेजारी बसलेले सेल्समन काका वयस्क होते, हातात पांढरे मोजे, अत्यंत नम्र. साठ ओलांडायचं मनातही आलं नाही. दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकायचा, वळणाआधी परत दुसरा, एवढाच खेळ. गिअरचा दांडा आखूड, मनगटाने पडतो. इंजिन वरपर्यंत नेलं तरी आपण मर्यादेतच असतो, म्हणजे गाडीचं सगळं वापरता येतं. माझ्या ओळखीच्या एकाकडे चारशे अश्वशक्तीची गाडी आहे. ती समृद्धीवर १२० ने चालवतानाही तिच्यातलं बहुतेक सगळं पडून असतं.

परत आल्यापासून घोटी-वैतरणा-त्र्यंबक रस्त्यावर गेलो की तीच गाडी डोळ्यांपुढे येते. ही गाडी भारतात अधिकृतपणे यावी असं मला मनापासून वाटतं.

गंगाघाट

उलटा अनुभव थोडक्यात सांगतो. मुंबईत एक इलेक्ट्रिक रोडस्टर चालवली. पाचशे अश्वशक्ती, वजन जवळपास दोन टन. सरळ रस्त्यावर छाती दडपते, पोटात गोळा येतो. पहिल्या गोल चौकात मात्र बॅटरीचं वजन बाहेरच्या बाजूला सरकल्यासारखं वाटलं. गाडी उत्तम होती. मला हवी होती तशी मात्र ती नव्हती, हे वीस मिनिटांत कळलं. टेस्ट ड्राइव्ह यासाठीच करायची.

पंचवटीतला नवखा

सगळ्यांना नमस्कार. परवाना नुकताच आलाय. मामा हॉट हॅच (छोटी, पण ताकदवान इंजिनाची गाडी) बघायला जाणार आहेत, मलाही चालवायला देतील म्हणाले. टेस्ट ड्राइव्हमध्ये काही झालं तर भरपाई कोणाची? आणि सापुताऱ्यापर्यंत नेऊ देतात का?

कोर्ट रोड

बाळा, बसायच्या आधी तीन गोष्टी विचार. गाडीची पाटी बघ. लाल पाटीवर पांढरे आकडे असतील तर ती विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटवर, म्हणजे नोंदणी न झालेली गाडी चालवायच्या त्याच्या परवान्यावर चालते आहे. विम्याची प्रत मागून बघ. आणि नुकसान झालं तर विम्यातून न मिळणारी रक्कम कोणी भरायची हे सही करायच्या कागदावर वाच. बरेच जण न वाचता सही करतात, आणि वाद मग त्याच कागदावरून होतो.

सापुतारा गुजरातमध्ये, तिथवर डीलर सहसा सोडणार नाहीत. आणि मित्र दुसरी गाडी घेऊन मागे येणार असतील तर त्यांना घरी ठेव. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वेगाची हौस असेल तर रॅली आणि ऑटोक्रॉस (आखलेल्या मार्गावर घड्याळ लावून एकेकट्याने गाडी चालवायची स्पर्धा) आहेत. रॅली ऑफ महाराष्ट्र आपल्या नाशिकच्याच मातीवर झालेली आहे, तिथे हेल्मेट, डॉक्टर, बंद रस्ता, सगळी व्यवस्था असते.

सावळघाट

सगळे परदेशी गाड्यांचं बोलताय, म्हणून माझंही ऐका. माझी पेठला शाळेत नोकरी, रोजचं जाणं-येणं. नवी स्विफ्ट २०२४ ला आली तेव्हा चालवून पाहिली. ८२ अश्वशक्ती, तीन सिलिंडर, वजन सव्वानऊशे किलोच्या आसपास. तिला कोणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. पण तुमच्या धाग्यातल्या बहुतेक गाड्यांपेक्षा ती हलकी आहे.

डीलरकडे मी हट्टाने पेठ रोड मागितला. घाटात गुजरातचे ट्रक रांगेने चढत असतात. ओव्हरटेकला जागा थोडी मिळते, ती मिळाली की गाडी लगेच पुढे निघाली पाहिजे. दुसऱ्या गिअरमध्ये ती निघाली. उतरताना वळणामागून वळण येत होतं, ब्रेकवर फार पाय ठेवावा लागला नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, पण आमच्याकडे गावागावांत उंच, अरुंद, न रंगवलेले उंचवटे आहेत. त्यावरून ती अलगद गेली.

ताई, तुम्ही हीच घ्या असं म्हणत नाही. पण तुमच्या यादीतली गाडी आणि ही, दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. सकाळी सात-साडेसातला म्हसरूळकडून पेठ रोडला लागा, तेव्हा ट्रकही कमी असतात आणि शाळेची मुलं अजून रस्त्यावर आलेली नसतात. कोणती घेतलीत ते इथे कळवा.