नायक नववीत, म्हणून वाचकही नववीतला?
मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ ही कादंबरी कोणत्या वयाच्या मुलांना द्यावी, यावर ‘शिव्या आहेत, मुलांच्या हाती नको’ असं काहीजण म्हणतात; ते पटत नाही. ‘शाळा’तली पोरं बोलतात त्याहून जास्त आमच्या लातुरात क्लास सुटल्यावर कोपऱ्याकोपऱ्यावर ऐकू येतं. पण नायक नववीत आहे म्हणून नववीतल्या कुणालाही खुशाल द्या, हेही घाईचंच. माझी भाची शिव्यांवर नुसती हसली. अडली ती कादंबरीतल्या आणीबाणीपाशी. १९७५ साली लोकांना तुरुंगात का टाकलं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. (पाठ्यपुस्तकात असतील दोन ओळी!) नायकाला आवडणाऱ्या शिरोडकरपेक्षा जास्त प्रश्न तिनं त्यावर विचारले.

अकरावी-बारावीसाठी खोली करून राहणाऱ्या पोरांना तर मी बिनधास्त देईन. त्याहून लहानांना देताना आधी आपण वाचून ठेवावी, प्रश्न आले की पळ काढावा लागत नाही.