विम एडिटरच्या रजिस्टरातली (मजकूर साठवायच्या कप्प्यातली) यादी सकाळी अर्धीच कशी दिसायलीय?

लातूरकर_टर्मिनल:
मंडळवार पावसाची फाईल विममधे साफ करायलोय, एसएसएचनं (दूरच्या मशीनला जोडून) सर्व्हरवर बसून, म्हणजे माउसबिऊस काही नाही. औसा तालुक्याची ओळ वाय वायनं कॉपी करून घेतो, खाली येऊन एक फालतू ओळ डी डीनं उडवतो अन् चिकटवायला पी दाबलं की औशाच्या जागी ती उडवलेलीच ओळ यायलीय. दुसरं म्हणजे ए रजिस्टरात निलंगा, उदगीर, देवणी अशी लांब यादी ठेवली, रात्री विम बंद केलं अन् सकाळी बघतो तर यादी मधेच तुटलेली. कसं सांभाळता तुम्ही हे?

बालाघाट:
डी डी नुसतं पुसत नाही भाऊ, कापून ठेवतं, अन् साधं पी सगळ्यात शेवटी जे घेतलं किंवा कापलं तेच टाकतं. पण वाय केलेली ओळ शून्य नंबरच्या रजिस्टरात शाबूत असते, डबल कोट शून्य पी मारा. कापलेल्या अख्ख्या ओळी एक ते नऊमधे सरकत जातात, नऊच्या पुढं गेली की गेली. जे ठेवायचंच नाही ते डबल कोट अंडरस्कोर डी डीनं उडवा, कुठंच साठत नाही.
यादीसाठी कॅपिटल अक्षर वापरा राव, लई कामाचं आहे. लहान ए जुनं पुसून भरतं, कॅपिटल ए मागं जोडत जातं. आधी क्यू ए क्यू करून रजिस्टर रिकामं करा, मग कोलन जी स्लॅश औसा स्लॅश वाय स्पेस कॅपिटल ए, औशाच्या सगळ्या ओळी एका दमात गोळा. फक्त मॅक्रो (रेकॉर्ड केलेल्या कळा) पण ह्याच अक्षरांत बसतात, क्यू एनं रेकॉर्डिंग केलं की यादी गेली, म्हणून मी मॅक्रोला क्यू हे एकच अक्षर राखून ठेवलंय.

गोदाकाठ:
तुटायचं कारण विमइन्फो फाईल. बंद करताना विम रजिस्टरं तिच्यात लिहितं, पण डिफॉल्टला दर रजिस्टरच्या ५० ओळीच, अन् १० केबीच्या वरचं रजिस्टर तर लिहितच नाही. आपल्याला हे जास्त नडतं कारण यूटीएफ-८ मधे देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, साडेतीन हजार चिन्हांच्या आतच १० केबी भरले. विमआरसीत (विमच्या सेटिंगच्या फाईलीत) विमइन्फो सेटिंगमधला ५० चा आकडा १००० करा अन् एसपुढचा १० चा १००.

लातूरकर_टर्मिनल:
शून्यवालं चाललं, आभार! पण मग पासवर्डची ओळ वाय केली असंल तर तीबी त्या फाईलीत जातीय का?

गोदाकाठ:
जाते ना, होम फोल्डरमधे साध्या मजकुरात पडून राहते, अन् तुमच्या लॉगिननं दुसरं कुणी बसत असेल तर त्याला सरळ वाचता येते. असल्या फाईली उघडताना विमच्या पुढं डॅश आय अन् कॅपिटलमधे नन टाका, मग त्या वेळचं विमइन्फोत काहीच लिहिलं जात नाही. आधीच गेलं असेल तर कोलन लेट, @ए बरोबर अन् दोन रिकामे कोट, असं ए रजिस्टर पुसा. शून्य नंबरपण तसाच पुसा, वाय केलेलं आधी तिथंच जातं.