यीस्टच्या बाटलीतून एकसारखा सीओटू? मला नाही पटत

पाणवेल:
स्पष्टच लिहितो. साखर-यीस्टच्या बाटलीतून निघणाऱ्या सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड वायूवर) माशांच्या टाकीतली झाडं वाढवणं म्हणजे रोजची कटकट. पहिला दिवस काहीच नाही, मग बुडबुड्यांचा धडाका, आणि दोन-तीन आठवड्यांत बाटली गार. साखर आंबताना वायूसोबत अल्कोहोलही होतं. ते वाढलं की यीस्ट आपल्याच दारूत संपतं. मी आता सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्यावर आलोय. दोन बाटल्या, मधे नळी, पुढे नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे वायूचा वेग बारीक जुळवणारी तोटी. १०० ग्रॅम निर्जल सायट्रिकला साधारण १३० ग्रॅम सोडा लागतो. सेकंदाला एक बुडबुडा म्हटलं की एकच.

दोनबाटल्या:
नाचता येईना अंगण वाकडं! यीस्ट किती घातलं होतंत? चमचाभर घातलं तर धडाका होणारच. चिमूटभर पुरतं. साखर जिलेटिनमध्ये जेलीसारखी गोठवा, वर यीस्टचं पाणी ओता. साखर हळूहळू सुटते. आणि एक बाटली सुरू केल्यावर आठवड्याने दुसरी. एक उतरते तेव्हा दुसरी भरात असते.

पाणवेल:
आणि रात्री? दिवे गेले की झाडं सीओटू घ्यायची थांबतात, यीस्ट थांबत नाही. एका सकाळी माझे सगळे टेट्रा मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून धापा टाकत होते. तेव्हापासून यीस्ट बंद. बरं, यीस्टच्या बाटलीचा व्हॉल्व्ह रात्री बंद करावा, तर दाब वाढून झाकण उडायचं.

दोनबाटल्या:
रात्री एअर पंप लावायचा की! आणि तुमच्या सोड्याच्या बाटलीत ॲसिड एकदम घुसलं तर दाब काय कमी होतो का? काचेची बाटली तर दोन्हीकडे नकोच, कोल्ड्रिंकचीच हवी.

हिरवाथेंब:
दोघंही बुडबुडेच मोजताय. पाण्यात विरघळला किती, ते बघा. ड्रॉप चेकर म्हणजे टाकीत लावायची रंग दाखवणारी छोटी कुपी. त्यात ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्याच्या कार्बोनेट कठीणपणाचं माप) पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू या रंग बदलणाऱ्या द्रवाचे थेंब. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळा म्हणजे माशांकडे धावा. फक्त रंग तास-दोन तास मागे असतो. आत्ता दिसतो तो मघाचा हिशोब. माझ्याकडे यीस्टवर हा थेंब आठवड्यात तिन्ही रंग दाखवायचा, आणि पानांच्या कडांना काळं शेवाळ. म्हणून माझं मत पाणवेल यांना.

सावलीतली_टाकी:
मुळात सीओटू पाहिजेच कशाला? दिवा कमी करा, अनुबियास आणि जावा फर्नसारखी कमी उजेडात चालणारी झाडं लावा. बाटलीही नको, भांडणही नको.

दोनबाटल्या:
लाल रोटालाचं झाड लावून बघा त्या मंद दिव्यात, मग बोलू.
पाणवेल, रात्रीचा मुद्दा मान्य. पण माझी टाकी २० लिटरची, तिला दोन बाटल्यांचं यीस्ट पुरतं. मोठ्या टाकीला मीही हे सांगणार नाही.

पाणवेल:
२० लिटरमध्ये तर चढ-उतार जास्त जाणवतो हो! ड्रॉप चेकर लावा, आठवडाभर रोज सकाळी दिवे लागायच्या आधीचा रंग इथे टाका.

दोनबाटल्या:
टाकतो. हिरवा निघाला तर शीर्षक बदलायचं तुम्ही.